ते आले का?

बसा इथं तिण्णैवर, ओट्यावर. दार लोटून घ्या, नाहीतर डास आत जातील आणि आमची सीतालक्ष्मी रात्रभर माझ्या नावानं बोटं मोडेल. हरिप्रसाद, तुझा तो लॅपटॉप मिट. मघापासून कुरकुरतोयस, अपडेट संपत नाही म्हणून. आमच्या अनिरुद्धरावांना एका अपडेटनं काय दाखवलं ते ऐक, मग हवी तेवढी कुरकुर कर. त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे हे. अनिरुद्धराव म्हणजे दूधवाल्यानं हसून पाहिलं तरी दुधात पाणी जास्त असणार असं धरून चालणारा माणूस. असा माणूस पदरचं घालून भुताच्या गोष्टी सांगत नाही.

साल अठ्ठ्याण्णव. ऐप्पसी महिना. दिवाळी सोमवारी होऊन गेली होती, त्याच आठवड्यातला शनिवार. संध्याकाळी अनिरुद्धराव मोपेड घेऊन जुन्या बसस्टँडपाशी गेले, कुरियरच्या दुकानातून एक जाड पाकीट सोडवून घेतलं आणि ते शर्टाच्या आत घालून ओरत्तनाडु रस्त्याला लागले. पावसाचे दिवस होते आणि पाकिटात सीडी होत्या. त्या रस्त्यावर तेव्हा पंपांचा एक कारखाना होता. अनिरुद्धराव तिथं कॉम्प्युटर विभागाचे मॅनेजर.

देशाचा बाजार नुकता परदेशी कंपन्यांना मोकळा झाला होता. कारखान्यात परदेशी भागीदार आले आणि येताना एक भलंमोठं सॉफ्टवेअर घेऊन आले. गोदाम, खरेदी, हजेरी, पगार, सगळं एकाच यंत्रात. ते सॉफ्टवेअर बनवणारे लोक दर काही महिन्यांनी दुरुस्तीची पॅकेजं पाठवत. ती क्रमानंच चढवायची, एक गाळून दुसरं चालत नसे. त्या वर्षी तर घाईच होती, कारण दोन हजार साल उजाडलं की यंत्राला ते एकोणीसशे वाटेल, अशी जगभर हाकाटी उठलेली. काम करायचं शनिवारी रात्री, कारखान्यात कोणी नसताना. सोमवारी सकाळी लोकांना काही झालं होतं हेसुद्धा कळता कामा नये.

अनिरुद्धरावांच्या हाताखाली दोघंच. एक रघुपती, आपल्यातलाच, म्हणजे या तमिळ मुलखातला मराठी, हुशार आणि घुमा. दुसरी अखिला, तीही आपल्यातली. वडील सुब्रमण्यम वारलेले, आई आणि शाळेतला भाऊ तिच्याच नोकरीवर. रघुपतीनं त्या परदेशी सॉफ्टवेअरमध्ये एक मोठं काम केलं होतं. ते सॉफ्टवेअर प्रत्येकाला आडनाव मागायचं. आता आपल्याकडे आडनाव कोणाला? बापाच्या नावाचं पहिलं अक्षर, पुढे आपलं नाव, झालं. बाईचं लग्न झालं की बापाचं अक्षर जाऊन नवऱ्याचं येतं. हे त्या परदेशी साहेबांना समजावता समजावता रघुपतीच्या तोंडाला फेस आला. शेवटी त्यांचा नाद सोडून त्यानं त्यांच्या नावांच्या प्रोग्रॅमलाच हात घातला आणि हवा तसा वळवून घेतला.

तो रघुपती त्या वर्षी आडी महिन्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, गेला. पापनाशमहून येताना त्याच्या मोपेडला लॉरीनं उडवलं. वय तिशीच्या आतलं.

माणूस गेला की त्याचं यंत्रातलं नाव पुसायचं, असा नियम. अनिरुद्धरावांनी पुसलं नाही. मुद्दाम. उंदरासाठी खोबऱ्याचा तुकडा ठेवावा तसं त्यांनी ते ठेवलं होतं. त्यांना अखिलाचा संशय होता. वैशाखापर्यंत ही मुलगी दिवसभर ‘रघुपती सार, रघुपती सार’ करत असायची. मग एकाएकी तिनं त्याचं नाव घेणंच सोडलं. कामापुरतं बोलायची, तेही मान खाली घालून. तो गेल्यावर तर कोणी विचारलं तरी नुसतं त्याच्या टेबलाकडे बोट दाखवायची. अनिरुद्धरावांनी हिशोब मांडला: दोघांचं प्रोग्रॅमवरून भांडण झालं असणार. आता तो नाही. ही त्याचा पासवर्ड वापरून त्याची कामं उचलणार आणि मद्रासच्या एखाद्या कंपनीत स्वतःची म्हणून दाखवणार. तिकडे तेव्हा अशा मुलांना पायघड्या घालत होते.

तर त्या रात्री अनिरुद्धराव काचेच्या खोलीत एकटे. आत मोठं यंत्र आणि एसीची घरघर. काचेपलीकडे टेबलांची खोली, अंधारात. गेटवर राममूर्ती वॉचमन. अखिलाला त्यांनी संध्याकाळीच घरी पाठवलं होतं. ‘मी थांबू का सार?’ असं तिनं विचारलं, तेवढ्यानंही त्यांचा संशय वाढला.

पहिलं पॅकेज सुरळीत गेलं. दुसरं अर्ध्यावर थांबलं.

पडद्यावर ओळ आली, अर्थात इंग्रजीत. अर्थ असा की नावांचा प्रोग्रॅम रघुपतीच्या ताब्यात आहे, त्यानं सोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

यात भुताचं काही नाही, घाबरू नका. कोणी एखादा प्रोग्रॅम बदलायला घेतला की तो त्याच्या नावावर अडकतो. काम संपलं की तो माणूस तो मोकळा करतो. ऑफिसात याला ‘सोडणं’ म्हणत. रघुपतीनं काहीतरी बदलायला घेतलं होतं आणि न सोडताच तो गेला होता. अशा वेळी मॅनेजरनं ते काम आपल्या नावावर करून घ्यायचं आणि आपण सोडायचं. अनिरुद्धरावांनी तसं केलं.

दुसरी ओळ आली. रघुपती आत्ता या प्रोग्रॅममध्ये काम करत आहे. नंतर प्रयत्न करा.

अनिरुद्धराव हसले. खरंच हसले. सापडली, असं वाटलं त्यांना. यंत्रात आत्ता कोण कोण आहे ते त्यांनी पाहिलं. दोन नावं. एक त्यांचं. दुसरं रघुपतीचं. तो कोणत्या टेबलावरून आत आलाय हेही तिथं दिसतं. टेबल रघुपतीचंच होतं. काचेपलीकडचं, खिडकीजवळचं.

ते टॉर्च घेऊन गेले. टेबलापाशी कोणी नव्हतं. मॉनिटरवर प्लॅस्टिकचं कव्हर. कीबोर्डवर कव्हर. त्यावर आडीपासूनची धूळ. प्लग भिंतीतून काढून खाली लोंबत ठेवलेला.

तरी हा माणूस डगमगला नाही. कोणीतरी बाहेरून दुसऱ्याच कॉम्प्युटरला हेच नाव देऊन आत शिरलंय, असं म्हणाले स्वतःशी. परत आले. नाव अजून तिथंच होतं. त्यांनी फोन उचलला.

अखिला करंदैत भाड्याच्या घरात वर राहायची. फोन खाली घरमालकीण शेषम्मांकडे. बराच वेळ वाजला. शेषम्मांनी उचलला, दोन गोष्टी ऐकवल्या, मग जिन्याकडे तोंड करून हाका मारल्या. अखिला आली. आवाज झोपेतला. म्हणजे ती घरी होती. ती घरी होती आणि इकडे पडद्यावर त्या नावासमोरचा वेळेचा आकडा पुढे सरकत होता. आत कोणीतरी काम करत होतं.

“अखिला, येथं रघुपतीच्या नावानं कोणी आत शिरलंय. पासवर्ड कोणास दिलास, खरं बोल.”

मग अगदी हळू, मराठीत, तिनं विचारलं,

“ते आले का?”

आता हे नीट ऐका. ऑफिसात ही सगळी मंडळी तमिळमध्ये बोलत. ती तमिळमध्ये बोलली असती तर घोटाळा झालाच नसता. तमिळमध्ये मान देऊन म्हटलेला एक आणि पुष्कळ जण हे वेगळे कळतात. पण झोपेतून उठलेला माणूस घरची भाषा बोलतो. आणि आपल्या भाषेत ‘ते’ एकटेही असतात आणि शंभरही असतात. अनिरुद्धरावांच्या मनात जे होतं तेच त्यांच्या कानांनी ऐकलं. ते आले का. म्हणजे टोळी आहे. म्हणजे येणार आहेत.

“कोण ते? किती जण आहेत?”

त्यांनी कागद-पेन पुढे ओढलं.

“अखिला. नावं सांग.”

“नाव...” एवढंच म्हणाली. मग फोन ठेवला गेला.

अनिरुद्धरावांनी काचेच्या खोलीची कडी आतून घातली. गेटवर फोन लावला. राममूर्ती तमिळमध्ये म्हणाला, “कोणी नाही सार. कुत्रंसुद्धा नाही. का सार?” त्याला डोळे उघडे ठेवायला सांगितलं. मग ते बसले आणि त्यांनी जनरल मॅनेजरच्या नावानं तक्रार टाइप केली. अखिलानं मेलेल्या माणसाचा पासवर्ड बाहेरच्यांना दिला. तिला सोमवारी सकाळीच काढावं. त्या काळी असा शिक्का एकदा बसला की तिरुचीपासून मद्रासपर्यंत कोणी दारात उभं करत नसे. घरी आई, शाळेतला भाऊ. हे अनिरुद्धरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी तक्रारीचा कागद छापला, सही केली, घडी केली आणि खिशात घातला.

तेव्हा आवाज आला.

काचेपलीकडून. खट... खट. मध्येच थांबलेला. पुन्हा खट, खट, खट.

त्यांना वाटलं पाऊस. पाऊस नव्हता. त्यांनी एसी बंद केला.

आता नीट ऐकू आलं. कळांचा आवाज होता. पण दबलेला. कव्हराखालून येणारा.

त्यांनी टॉर्च काचेला लावला. उजेड काचेवरच चमकला, पलीकडचं काही दिसेना. मग टॉर्च कलता धरला. खिडकीजवळचं टेबल दिसलं. खुर्ची दिसली, रिकामी. कव्हर दिसलं.

कव्हर हलत होतं.

उंदीर, म्हणाले ते. मोठ्यानं म्हणाले. उंदीर आहे.

आवाज थांबला.

पडद्यावर रघुपतीचं नाव तसंच. वेळेचा आकडाही थांबलेला. जणू आत जो कोणी होता तो मान वर करून त्यांच्याकडे बघत होता.

मग पुन्हा सुरू झालं. सावकाश. एक कळ. थांबून दुसरी. रघुपतीला दोन बोटांनीच टाइप करता यायचं. एवढा हुशार मुलगा, पण दोन बोटं.

कडी घातलेल्या दाराला पाठ लावून ते उभे राहिले. मोपेडची किल्ली मुठीत घट्ट. बाहेर जायचं तर त्या टेबलाजवळूनच जावं लागणार होतं... ते गेले नाहीत.

किती वेळ, कोणास ठाऊक.

शेवटी ते बोलले.

“रघुपती...”

आवाज थांबला.

“रघुपती, सोड रे अप्पा.”

काही नाही.



मग एकच कळ. मोठी, ठाम. काम संपल्यावर मारतात तशी.

पडद्यावर ओळ बदलली. प्रोग्रॅम मोकळा झाला होता. पॅकेज आपोआप पुढे चालू लागलं.

पहाटेपर्यंत सगळं चढलं. कुठं काही अडलं नाही. उजाडायला लागलं तसे अनिरुद्धरावही सावरले. दिवसाच्या उजेडात माणसाला पुन्हा अक्कल सुचते, किंवा त्याला वाटतं की सुचते. उंदीरच होता, असं त्यांनी ठरवलं. बाहेरून शिरलेल्या चोरानं घाबरून काम सोडलं, असंही ठरवलं. आता मात्र त्यांनी नियम पाळला. रघुपतीचं नाव यंत्रातून स्वतःच्या हातानं पुसलं. पुसलं गेलं की नाही ते दुसऱ्यांदा तपासलं. मग टेबलांच्या खोलीच्या बाहेरच्या दाराला कुलूप घालून, किल्ली राममूर्तीकडे न देता खिशात टाकून, ते थेट करंदैला गेले. तिच्या तोंडून कबुली घ्यायची होती.

अखिला न्हाऊन खालच्या पडवीत बसली होती. वाट बघत होती म्हणा ना. डोळे सुजलेले. शेषम्मांनी दोन टंबळर पेल्यांत गरम कापी आणून ठेवली आणि आत गेल्या.

“नावं सांग,” अनिरुद्धराव म्हणाले. “रात्री बोललीस, ते आले का. ते म्हणजे कोण? किती जण?”

“एकटेच, सार,” ती म्हणाली. “ते एकटेच.”

“मग एकाचं नाव सांग.”

“मज नाव घेता येत नाही.”

“कां म्हणून? धमकी दिली कोणी?”

तिनं मान हलवली. मग गळ्याशी हात नेला आणि साडीच्या आतून एक दोरी बाहेर काढली. हळदीची पिवळी दोरी, इकडे लग्नात मंगळसूत्र म्हणून बांधतात ती. पिवळेपणा बराच उडालेला.

अनिरुद्धराव संशयी होते, मठ्ठ नव्हते. आपल्यातली बाई कोणाचं नाव घेत नाही हे त्यांना तेव्हा आठवलं. वैशाखापासून तिनं नाव घेणं का सोडलं हेही कळलं.

“पापनाशमच्या देवळात जालं,” ती म्हणाली. “त्यांच्या अक्काचं, भारतीचं, लग्न ठरेपर्यंत घरी सांगायचं नाही, असं ठरलं होतं. तिच्याआधी धाकट्याचं जालं म्हटलं तर तिला कोण करून घेतं? एवढेच थोडे महिने, बोलले होते. आडीत त्याच देवळात अर्चना करून यायला गेले... मी त्यांच्या घरी आले सार, ते गेले त्या दिवशी. तुम्हीही होतात. ऑफिसच्या बसमधून आलो आपण सगळे. मी भिंतीपाशी उभी होते. त्यांच्या आईच्या, वसुमतीअम्मांच्या, पायांशी बसावं असं वाटलं. कोण म्हणून बसू? पुन्हा बसमध्ये बसून आले.”

अनिरुद्धरावांना ती बस आठवली. खिडकीशी बसलेली ही मुलगी आठवली. ही रडत कशी नाही, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. तेही त्यांनी तिच्या खात्यात चोरीच्याच बाजूला मांडलं होतं.

“ही दोरी काढ असं कोणी सांगितलंच नाही,” अखिला म्हणाली. “सांगणार कोण? कोणासच ठाऊक नाही. आता सांगितलं तर माणूस गेल्यावर नातं सांगत आली असं बोलतील. बोलतील ना, सार?”

बोलले असते. अनिरुद्धराव स्वतःच बोलले असते, काल संध्याकाळपर्यंत. त्यांना अशी लाज वाटली की हातातली कापी पिववेना. खिशातला कागद त्यांनी बाहेर काढला, न उघडता फाडला आणि तुकडे परत खिशात घातले. तिनं काय फाडलं म्हणून विचारलं नाही. रात्री काय झालं ते मात्र तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. आवाज कसा होता. दोन बोटांचा होता का. तुम्ही सोड म्हणालात तेव्हा सोडलं, की आधीच. त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकताना रडली, भरपूर रडली, आणि आतून शेषम्मा काय जालं म्हणून बाहेर आल्या तरी थांबली नाही.

सोमवारी सकाळी कारखाना भरला. काही झालं होतं हे कोणाला कळलं नाही. पॅकेजनंतर रिवाजाप्रमाणे सगळ्यांची नावं छापून तपासायची होती. परदेशी दुरुस्तीनं रघुपतीचं काम खाऊन टाकलं असेल, अशी अनिरुद्धरावांना धास्ती होती. खाल्लं नव्हतं. प्रत्येकापुढे बापाचं अक्षर जागच्या जागी. फिटर, हमाल, मॅनेजर, सगळ्यांची नावं होती तशी.

एक सोडून. एस. अखिला होती. आता आर. अखिला होती.

त्यांनी तिला बोलावलं. ओळीवर बोट ठेवलं. तिनं ओळ वाचली. पुन्हा त्यांच्या मनात जुना किडा वळवळला, तो काही असा एका दिवसात मरत नाही. पण नावांची नोंद उघडायचा हक्क तिला नव्हताच. तो त्यांच्याकडे होता, आणि पर्सोनेल विभागाकडे. पर्सोनेल शनिवार दुपारपासून बंद. आणि टेबलांच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात.

“चुकलंय,” अनिरुद्धराव म्हणाले. “दुरुस्त करतो.”

“बरोबर आहे, सार,” ती म्हणाली. “राहू दे.”

तिनं पेन उचललं आणि नावापुढे सही केली. सहीतही ते अक्षर घातलं. मग ती तिच्या जागेवर जाऊन बसली.

ती गेल्यावर त्यांनी यंत्राला विचारलं, हा बदल कोणी केला. प्रत्येक बदलापुढे यंत्र तीन गोष्टी लिहून ठेवतं: कोणी, कधी, कुठून. कुठून, तर खिडकीजवळच्या टेबलावरून. कधी, तर रविवारी सकाळी. करंदैत शेषम्मा कापी ठेवून आत गेल्या आणि अखिलानं गळ्यातली दोरी बाहेर काढली, त्या सुमाराला.

आणि कोणी, तिथं रघुपतीचं नाव होतं. पहाटे पुसलेलं, दोनदा तपासलेलं.